रिकाम्या घराची सवलत

(फोनवर. मुलाकडे सकाळ, वडिलांकडे दिवेलागण.)

मुलगा : नाना, विषय बदलू नका. पालिकेचा माणूस येऊन गेला की नाही, एवढंच सांगा.

नाना : आला होता सोमवारी. गुणी माणूस. पायपुसण्यावर नीट पाय पुसून आत आला. हल्ली कोण पुसतं?

मुलगा : आणि घर बघून गेला?

नाना : घर बघायलाच आला होता. मला बघायला कशाला येईल, माझं का लग्न ठरवायचंय?

मुलगा : वेड पांघरून पेडगावला जाऊ नका. माझ्या मोबाइलवर मेसेज आलाय. 'प्रत्यक्ष पाहणीत घर रिकामे आढळले. घरपट्टीत सवलत मंजूर.' तुम्ही त्या घरात राहताय, नाना. दार तुम्हीच उघडलं असणार. मग रिकामं आढळलं कसं?

नाना : सवलत मिळाली ना? झालं तर मग.

मुलगा : नाना.

नाना : आधी तू सांग. त्याच्या हातात कागद होता. वर मालक म्हणून तुझं नाव, खाली तुझी सही आणि मधे लिहिलेलं, 'घर रिकामे. राहणारे कोणी नाही.' मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. वाटलं, पत्ता चुकला असेल. पण तेहतीस वर्षं टपाल वाटलंय मी, पत्ता वाचण्यात माझी चूक होत नाही. पत्ता आपलाच होता.

मुलगा : मालक परदेशात असला की यंदापासून तो नवीन फॉर्म भरावा लागतो. घर कोण वापरतं ते विचारतात. भाडेकरू लिहिलं की पट्टी दीडपट. मालक स्वतः राहतो लिहावं, तर मी इथे. मग उरलं काय, रिकामं.

नाना : उरलो मी.

मुलगा : मला वाटलं, नुसते कागदी घोडे नाचवतात. कोण कशाला बघायला येतंय?

नाना : हां. वाटलं असेल.

मुलगा : तुम्ही त्याला काय सांगितलंत?

नाना : तो म्हणाला, आजोबा, माहिती खोटी निघाली तर मालकाला दंड होतो, आणि नावावर शेरा बसतो तो वेगळाच. तुझं तिकडं कायम राहण्याच्या कागदांचं चाललंय, असं सूनबाई मागे म्हणाली होती. म्हटलं, ऐन वेळी माशी शिंकायला नको. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मुलगा : म्हणून सांगितलंत काय?

नाना : राखणदार आहे म्हणालो.

मुलगा : कोण राखणदार?

नाना : मी. म्हटलं, मालक परदेशात असतात. मी दिवसा येतो, झाडलोट करतो, कुंड्यांना पाणी घालतो आणि संध्याकाळी कुलूप लावून जातो. त्याने लिहून घेतलं सगळं. पगार किती म्हणून विचारलं.

मुलगा : पुरे, नाना.

नाना : म्हटलं, पगार नाही, ओळखीतले आहेत. तर हसला. म्हणाला, बरंच फुकट राबवून घेतात तुम्हाला.

मुलगा : पुरे म्हणतोय ना.

नाना : मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाला, या कोण? म्हटलं, मालकांच्या आई. ते तरी खोटं नव्हतं.

मुलगा : तुम्ही एवढं हळू का बोलताय? कुठे बसलाय?

नाना : स्वयंपाकघरात. इथला उजेड रस्त्यावरून दिसत नाही. पुढच्या खोलीत सोमवारपासून दिवा लावत नाही मी. तो जाता जाता म्हणाला, विजेच्या मीटरचा आकडाही कधी कधी ताडून बघतात. म्हणून पंखाही बंदच ठेवलाय. तसं फार उकडत नाही.

मुलगा : आधी उठा आणि दिवा लावा. पंखाही लावा.

नाना : अरे, संध्याकाळी कुलूप लावून जातो असं सांगून बसलोय मी.

मुलगा : मी आजच दुरुस्तीचा अर्ज टाकतोय. दंड भरतो, काय शेरा बसायचा तो बसू दे.

नाना : नको रे, एवढ्याशा गोष्टीसाठी. होईल मला सवय.

मुलगा : चोरासारखं स्वतःच्या घरात अंधारात बसायची सवय? तुमच्या घरात?

नाना : तुझ्या. पिंट्या, मला राग नाही आला, खरंच नाही. वाईट वाटलं, ते मात्र लपवत नाही. टपालात असताना कितीदा पाकिटावर 'घर बंद' असा शेरा मारावा लागायचा. पण दार वाजवल्याशिवाय मी तो शेरा कधी मारला नाही. आत माणसं असतात रे. म्हातारी असतात, दाराशी यायला वेळ लागतो त्यांना.

मुलगा : त्यात चौथा रकाना होता.

नाना : कशात?

मुलगा : त्या फॉर्ममधे. 'मालकाचे नातेवाईक राहतात.' पट्टीही नेहमीचीच, जास्त काही नाही. फक्त राहणाऱ्याची सही जोडायची होती.

नाना : मग पाठवायचा की कागद. सही येते मला. घर तुझ्या नावावर केलं तेव्हा पानापानावर केलीय.

मुलगा : पाठवायचा म्हणजे आधी फोन करावा लागला असता.

नाना : मग?

मुलगा : तेव्हा आपण बोलत नव्हतो, नाना. आई गेल्यावर आठव्या दिवशी मी म्हणालो, घर विकू, तुम्ही ताईकडे राहा. तुम्ही म्हणालात, मी गेल्यावर वीक. मी तसाच विमानात बसलो आणि चार महिने फोन केला नाही. त्यातच फॉर्मची मुदत आली. आठवडाभर तो रकाना उघडून बसायचो. तुमचा नंबर काढायचो आणि ठेवून द्यायचो. वाटायचं, तुम्ही उचललात आणि बोललाच नाहीत, तर काय करू? शेवटच्या दिवशी 'रिकामे'वर खूण केली आणि मोकळा झालो. ते दीडपट, भाडेकरू वगैरे आत्ता तुम्हाला रचून सांगितलं.

नाना : असं होय.

मुलगा : शिव्या घाला हवं तर. पण बोला काहीतरी.

नाना : काय बोलू? हट्टी तू एकटा नाहीस, मीही केला नाही फोन. पण ते चार महिने उशाशी घेऊन झोपायचो तो. आंघोळीला जाताना दाराबाहेर स्टुलावर ठेवायचो.

मुलगा : मला माहीत नव्हतं.

नाना : कसं असेल? तू एकदा केला असतास, तर पहिल्या घंटीला उचलला असता रे. घरीच होतो मी.