एकनाथअण्णाचं इंजिन का फुटलं

मंडळी, बसा. खुर्च्या पुष्कळ आहेत. बेळगोळला अण्णाच्या शेडमध्ये पाहुण्यांसाठी एकच स्टूल होतं, आणि तेही रिकामं असायचं. आज मंदिराचा हॉल भरलाय. मला बरं वाटायला हवं. वाटत नाही.

मी सुमन, अण्णाची धाकटी बहीण. चामराजपुरमला ब्लाऊज शिवते. इथल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. भाषण मला येत नाही. अण्णाला जाऊन आठच दिवस झाले. पण आत्ता तासभर इथं बसून जे ऐकलं, त्यानं मला उठून उभं केलं.

आपल्या समाजाचे अध्यक्षसाहेब म्हणाले, एकनाथ हुशार, पण विमानाचं वेड डोक्यात शिरलं. बंगळूरचे विमानवाले साहेब म्हणाले, प्रयत्न चांगला होता, पण रोटरी इंजिनाला टर्बो जोडणं हे शेडमध्ये बसून करायचं काम नव्हे. कुणी तर म्हणालं, "शिंप्यानं सुईच धरावी," असं एकनाथ स्वतःच हसत म्हणायचा. अण्णा असं कधी म्हणाला नाही. तुम्ही म्हणायचात. आता मेलेल्या माणसाच्या तोंडी घालताय.

आणि "अपयशातसुद्धा मोठा माणूस" असं चौघं म्हणाले. कुठलं अपयश? तुमच्यापैकी कोण त्या शेडमध्ये तासभर उभं राहिलं होतं?

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. अण्णा शिंप्याच्या घरचा, पण लेथवर लोखंड कातणारा टर्नर होता. भंगारातून त्यानं एका जपानी गाडीचं रोटरी इंजिन आणलं. त्यात पिस्टन नाही, वर-खाली होणारं काहीच नाही. एक तिकोनी रोटर आत फिरत राहतो. आटोपशीर, ताकदीला चोख, म्हणून घरी बांधलेल्या विमानाला बरं. पण वर जावं तशी हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम कमी पडतो. त्यासाठी टर्बो. इंजिनाच्याच धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो तोंडातून हवा ओढतो आणि इंजिनात कोंबतो. या इंजिनाचा धूर एवढा तापतो की लॉरीचे तीन टर्बो अण्णानं जाळले. चौथा टिकला. चौथा टिकला हे आज कुणी बोललं का? विमानाच्या पंखांवरचं कापड मी शिवलंय. मला ठाऊक आहे किती वर्षं लागली ते.

मग ती खंडेनवमीची आयुधपूजा. सकाळी सगळ्यांसमोर पूजा करून इंजिन चालवून दाखवायचं ठरलं होतं. बंगळूरचे साहेब येणार होते. त्यांना पटलं तर उडवायच्या परवानगीसाठी ते शब्द टाकणार होते. अण्णाचं सगळं त्या एका सकाळवर होतं.

माझे यजमान जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. पूजेत मला कुणी पुढं येऊ देणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून आदल्या संध्याकाळी मी एकटीच शेडमध्ये गेले. टर्बोच्या तोंडाला धूळ जाऊ नये म्हणून मी शिवलेली कापडी टोपी असायची. ती काढली. तोंडाच्या आतल्या कडेला सुपारीचा गणपती मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि टोपी परत घातली. आपण सुपारीचाच गणपती मांडतो, अल्वा, हो की नाही? कुठलंही विघ्न येऊ नये एवढंच मनात होतं. सकाळी लवकर जाऊन सुपारी उचलायची होती.

सकाळी लवकरच गेले, तर अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी मला दारातच थांबवलं. समोरच बसल्या आहेत. म्हणाल्या, "सुमन, शुभकार्य आहे, तू स्वल्प मागेच थांब." किती गोड आवाजात. तुम्ही सगळे गोडच बोलता. मी मागे थांबले.

इंजिन लावण्याआधी अण्णा रोज त्या तोंडात बोट फिरवून बघायचा. एक दिवस चुकला नव्हता. त्या दिवशी टोपी ओढली, आणि अध्यक्षांनी दंडाला धरून त्याला फोटोसाठी वळवलं. अण्णा वळला. त्याचाही मला राग आहे. इतकी वर्षं ज्यानं कुणाच्या शाबासकीची वाट बघितली नाही, तो नेमका एका फोटोला भुलला.

इंजिन लागलं. सुरुवातीला काय सुरेख चाललं. मग अण्णानं जोर वाढवला, तशी सुपारी आत ओढली गेली. पंख्याची पाती मोडली, त्यांचे तुकडे इंजिनात गेले, रोटरच्या टोकांच्या पट्ट्या तुटल्या. धडाम आवाज, काळा धूर, संपलं. मी आधीच मागून ओरडू शकले असते. "थांबा, आत सुपारी आहे," एवढे चार शब्द. ओरडले नाही. विधवेनं पूजा केली हे सगळ्यांदेखत सांगायची लाज वाटली. माझ्यासारखी भित्री बाई मी दुसरी पाहिली नाही.

आणि तुम्ही हसलात. पुरुष उघड, बायका पदराआड. साहेब न जेवता गाडीत बसून गेले.

अण्णानं एकट्यानं इंजिन उघडलं. दुसऱ्या दिवशी घरी आला आणि कुंकू लागलेला सुपारीचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी रडले. म्हटलं, मी जाऊन सांगते सगळ्यांना. तो म्हणाला, "सुमे, इंजिन मी दुसरं बांधीन. त्यांनी तुला अवदसा म्हटलं, तर ते कुठल्या लेथवर दुरुस्त करू?"

मग मंदिरात येऊन त्यानं तुम्हाला सांगितलं, की उष्णतेचा माझाच हिशेब चुकला. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. कुणी एक प्रश्न विचारला नाही. चौथा टर्बो महिनाभर तापून टिकला होता, तो त्याच सकाळी कसा गेला, हे विमानातलं कळणाऱ्या साहेबांनीसुद्धा विचारलं नाही. तुम्हाला हवं तेच ऐकायला मिळालं होतं. आयतु, विषय संपला.

त्यानं दुसरं बांधलं. तोच टर्बोचा आराखडा, तेच माप, तसूभर बदल नाही. शेडमध्ये ते तासन्‌तास चालायचं, मी स्वतः बाजूला उभी राहून ऐकलंय. तुम्हा सगळ्यांना त्यानं पुन्हा बोलावलं होतं. हुणसूरचा एक लोहार आला, बाकी कुणी नाही. साहेबांना वेळ नव्हता. विमान जमिनीवरच राहिलं आणि अण्णा अकरा वर्षं तुमच्या लग्नामुंजीत थट्टेचा विषय झाला. माझ्यापायी. मी तुमचे ब्लाऊज शिवत राहिले आणि गप्प राहिले.

आज सांगितलं. आता म्हणा काय म्हणायचं ते. विधवेचा हात लागला म्हणून फुटलं, म्हणा. मला दारात अडवलं म्हणून फुटलं, असं म्हणायची हिंमत असेल तर तेही म्हणा. पण अण्णाला काम येत नव्हतं, हे पुन्हा म्हणायचं नाही. मी इथंच उभी आहे. ऐकते.

कुणीच नाही?

बरं. मग असेच गप्प राहा, आणि उभे राहा. दोन मिनिटं. माझ्या अण्णासाठी.