रोडवरच्या धानाबाबत नाटकातल्या इन्स्पेक्टरचा जबाब

नाव श्रावण नथ्थू भोयर, वय २३ वर्षे, धंदा सध्या नाटकात काम, राहणार मौजा खैरीटोला, तालुका चामोर्शी, जिल्हा गडचिरोली.

मी आज ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर माझे आईवडील राहतात. मीही राहतो, पण फारसा नाही. बारावीनंतर मी गडचांदूरला सिमेंटची पोती भरली, तेलंगणात मिरची तोडायला गेलो, एका डीजेवाल्यासोबत फिरलो. डीजेवाल्याचा विषय वेगळा आहे. मागच्या वर्षापासून मी देवराव भाऊंच्या झाडीपट्टीच्या नाटक मंडळीत इन्स्पेक्टरचे काम करतो. हा इन्स्पेक्टर शेवटच्या अंकात येतो, खलनायकाला बेड्या घालतो आणि पडदा पडतो. खऱ्या पोलीस भरतीचा फॉर्मही मी भरलेला आहे. माझ्यावर तोतया पोलीस बनल्याचा गुन्हा नोंदवायचा की नाही, हे या जबाबावरून ठरेल असे ठाणेदार साहेबांनी सांगितले. गुन्हा नोंदला तर भरती गेली. म्हणून जे झाले तेच सांगतो.

दिवाळीनंतरच्या मंडईनिमित्त, म्हणजे गावजत्रेनिमित्त, अहेरीकडच्या एका गावात आमचे नाटक होते. मंडळी टेम्पोने पुढे गेली. माझी वर्दी चामोर्शीच्या शिंप्याकडे ढिली करायला दिलेली असल्याने ती घेऊन मी मागून येणार होतो. त्यासाठी मी हरिदास भाऊजींची, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याची, मोटारसायकल मागून आणली. वेळेवर निघालो असतो तर काहीच झाले नसते. पण वाटेत बाजाराच्या मागे कोंबड्यांची झुंज चालू होती. ती मी फक्त पाहिली. झुंजीचे इथे लिहू नये अशी मी विनंती केली. ते लिहिण्यात आले आहे.

झुंज संपता संपता अवकाळी पाऊस आला आणि मी पूर्ण भिजलो. पुढे एका टपरीवर थांबून चहा घेतला तेव्हा दात वाजत होते. पाऊसही थांबला होता. माझ्याजवळ कोरडी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली वर्दी. ती मी घातली. टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. तेव्हाच मला समजायला पाहिजे होते, पण समजले नाही.

या भागात खाकी घालून एकट्याने जंगलातून जाणे म्हणजे काय, हे तुला माहीत नाही का, असे ठाणेदार साहेबांनी विचारले. मला माहीत आहे. माझे आजोबा नक्षल्यांच्या दिवसांत सायंकाळी दार लावले की लघवीलाही उघडत नसत. पण मला थंडी वाजत होती.

मौजा बोडीटोला येथे रोडच्या एका बाजूला लोकांनी धान वाळत टाकले होते. आभाळ पाहून त्यावर ताडपत्र्या झाकल्या होत्या आणि कडेला दगड ठेवले होते. पाऊस पुन्हा सुरू झाल्याने मला ताडपत्री हे डबके वाटले. डबक्यातून गाडी जाते. ताडपत्रीवरून जात नाही. गाडी माझ्याखालून निघून पुढच्या नालीत गेली आणि मी पुढे गोळा करून ठेवलेल्या धानाच्या ढिगात छातीपर्यंत घुसलो. धान नसते तर आज माझा जबाब घ्यायची गरज पडली नसती, असे मला वाटते.

धान गिरजाबाई यांचे होते. त्या साठीच्या आहेत, घरी एकट्या राहतात. त्या धावत येताना ओरडत होत्या, "डोये फुटले का रे मेल्या? आडवा कर त्याले, नानाजी, पयू देऊ नको." नानाजी हे त्यांचे शेजारी. मी कुठेही पळण्याच्या स्थितीत नव्हतो. मग त्यांना वर्दी दिसली. गिरजाबाईंनी पदराने माझ्या खांद्यावरचे धान झाडले आणि म्हणाल्या, "साहेब, रोडवर टाकलं हे चूक झाली. आंगन लहान आहे माहं."

माझ्या डोक्याला मार लागला होता. तशा अवस्थेत माझ्या तोंडून जे निघाले ते नाटकातले वाक्य होते, कारण मला तेवढेच पाठ आहे. मी म्हणालो, "कोणीही जागचं हलणार नाही." त्यामुळे कोणीही हलले नाही. सर्व जण पावसात उभे राहिले. मी ढिगातच होतो. शेवटी मीच म्हणालो, "अरे बावा, मले उचला ना."

मला गिरजाबाईंच्या घरी नेऊन गुडघ्याला हळद आणि तेल लावले. त्यांनी अंडी देणारी कोंबडी कापली. मी नाटकातला आहे हे मी तेव्हाच सांगणार होतो. तेवढ्यात ताट आले. जेवणानंतर सांगू म्हटले तर झोप लागली. उठलो तेव्हा बाई दारात बसून ओल्या धानाची मूठ हातात घेऊन पाहत होत्या. त्यांनी विचारले, "उद्या ऊन निंगालं तर रोडवर टाकू का साहेब? घरात ठेवलं त कोंब फुटते. मंग कोनी घेत नाई." मी म्हणालो, "टाका. कोणी काही म्हटलं तर माझं नाव सांगा." माझे नाव त्यांना माहीत नव्हते. मीही सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी चांगले ऊन पडले. बाईंनी एवढेच केले की ही गोष्ट नानाजींना सांगितली. मी उठलो तेव्हा सगळ्या गावाचे धान रोडवर होते आणि या वेळी ते दोन्ही बाजूंनी होते. अहेरीकडून येणारी एसटी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "रोड तुमच्या बापाचा आहे का?" नानाजी म्हणाले, "बापाचा नाई, सरकारचा आहे. सरकार आत चाय पिऊन राह्यलं."

ड्रायव्हरने फोन केल्यावरून या ठाण्याचे हवालदार साहेब आले. त्यांनी आत येताच मला कडक सॅल्यूट केला. मी खाटेवरून परत सॅल्यूट केला. तो मी नाटकात करतो तसाच झाला, म्हणजे हात जरा फिरवून. हवालदार साहेबांनी कोणते ठाणे असे विचारले. नाटकात ठाण्याचे नाव नाही, म्हणून मी "मुख्य ठाणे" म्हणालो. त्यांनी माझ्या पायातली रबरी चप्पल पाहिली आणि नंतर खांद्यावरचे तारे मोजले. माझ्या खांद्यावर चार तारे आहेत. देवराव भाऊंचे म्हणणे असे की, तीन तारे मागे बसलेल्या लोकांना दिसत नाहीत. पोलिसात असा हुद्दा नाही, हे मला हवालदार साहेबांकडून समजले. सॅल्यूटचा उल्लेख करू नये असे त्यांचे म्हणणे आहे. मी नकार दिलेला नाही, पण झुंजीचे लिहिले आहे.

मी खरा नाही हे हवालदार साहेबांनी सर्वांसमोर सांगितले. गिरजाबाईंनी खुराड्याकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "म्हनजे कोंबडी नाटकात गेली?" कोणी हसले नाही. मी हसलो नाही.

ठाण्यात आणल्यावर देवराव भाऊंना फोन लावून दिला. ते म्हणाले, "तू कुठी मेला होता गा? इन्स्पेक्टर नाई आला म्हून खलनायकाले पश्चात्ताप झाला अन् तो सोताच जेलात गेला. लोकांनी खुर्च्या फेकल्या." मंडळीत माझी जागा राहिली आहे की नाही, ते त्यांनी सांगितले नाही. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा चिमटा वाकला असून टाकी चेपली आहे. भाऊजींना अजून सांगितलेले नाही. ते रोज फोन करून गाडी कशी पळते असे विचारतात. मी बरी आहे म्हणतो.

ठाणेदार साहेबांनी गिरजाबाईंना विचारले की, फसवणुकीची तक्रार द्यायची आहे का. त्या म्हणाल्या, "तक्रार कायची साहेब? मांगलं नाई त्यानं काई. मी सोता वाढलं. पन धान त्यानं इस्कटलं, ते सुकलं पायजे."

रोडवर धान टाकण्यास मीच सांगितले होते. त्यात गिरजाबाईंचा दोष नाही. हे मी आधी सांगितले आहे, परत सांगतो. दंड लावायचा तर मला लावावा.

बाकीच्यांनी आपापले धान लगेच उचलल्याने रोड अडवल्याबद्दल एकट्या गिरजाबाईंचे धान मुद्देमाल म्हणून ट्रॅक्टरने ठाण्यात आणले आहे. ताब्यातला मुद्देमाल सडला तर उत्तर ठाण्याला द्यावे लागते, म्हणून ते समोरच्या सिमेंटच्या मैदानावर पसरलेले आहे. असे मैदान बोडीटोल्यात कोणाकडे नाही. ठाणेदार साहेबांच्या सांगण्यावरून मी दिवसभर त्या धानातून पाय घासत चालतो, म्हणजे ते खालीवर होऊन सारखे वाळते. डावा पाय नीट उचलता येत नाही, पण या कामाला उचलावा लागत नाही. गिरजाबाई सावलीत बसून "तिकडं राह्यलं गा, इन्स्पेक्टर" असे सांगतात. धान वाळेपर्यंत माझ्या गुन्ह्याचे थांबवून ठेवले आहे. काल सायंकाळी बाईंनी एक दाणा दाताखाली फोडून पाहिला आणि आणखी एक ऊन लागते म्हणाल्या.

आज सकाळपासून नानाजी आणि बोडीटोल्याचे इतर लोक फाटकाबाहेर उभे आहेत. त्यांच्यासोबत धानाचे दोन ट्रॅक्टर आहेत. आमचेही धान जप्त करा, अशी त्यांची मागणी आहे. ठाणेदार साहेब त्यांच्याशी बोलत असल्याने जबाब हवालदार साहेबांनी पूर्ण करून घेतला.

माझा हा जबाब मी सांगितला तसाच लिहिला असून मला वाचून दाखवला. वाचत असताना पत्र्यावर पाऊस सुरू झाला, त्यामुळे शेवटचे नीट ऐकू आले नाही, तरी ते खरे असेल. गिरजाबाई ताडपत्री धरायला हाक मारत आहेत आणि हवालदार साहेबही निघाले आहेत, म्हणून उभ्यानेच सही करतो.

सही
श्रावण नथ्थू भोयर