हजेरीच्या कागदावरची सही

—पारदर्शक? अहो मॅडम, याहून पारदर्शक काय असतं? सरकारी फेरीबोटीचं टेंडर, नोटीस पंधरा दिवस धक्क्यावरच्या फळ्यावर — हा काय, तुमच्या डोक्यामागेच आहे फळा — लाखेनं सील केलेली दोन पाकिटं, एक माझं, एक माझ्या मेहुण्याचं, धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. आठ तारखेला अकरा वाजता बंदर ऑफिसात उघडली, दोघांच्या समक्ष. एकजण जरी नसला तरी पाकीट फोडायचं नाही, नियमच आहे ना तुमचा? मग बघा की तुमच्याच फायलीतला हजेरीचा कागद. ही माझी सही, ही त्याची. "समक्ष उघडले, हरकत नाही." आणि काय वळणदार सही, शेपूट ओढून! आता हाच अर्ज करतो, मी तिथं नव्हतोच. का नव्हतास ते लिहिलंय का? नाही ना? लिहिणारच नाही तो.

बसा हो, चहा येतोय. मला पाण्यात पाहतो तो. धंदाच पाण्याचा, आणखी कुठे पाहणार. बारा वर्षं माझ्या बोटीवर काम केलं, पगार मी दिला, बहीण मी दिली, आणि नोकरी सोडायला आठवडा असताना माझ्याच विरुद्ध टेंडर भरतो — वर सगळ्यांना सांगत सुटला, पाकिटं उघडतील तेव्हा उभा राहून बोलणार, म्हणे हिच्या तळाला सिमेंट लावलंय. माझ्या बोटीच्या. दीडशे माणसं नेते ती. आहे सिमेंट, चार ठिकाणी आहे, बुडली का कधी?

तिडीक गेली हो डोक्यात. आठ तारखेलाच, सकाळची पहिली फेरी, धक्क्याला लागत होतो, हा दोर बांधायला वाकला, हात बोट आणि भिंतीच्या मध्ये — इंजिन माझ्या हातात होतं. दिली रेस. चुकून नाही, चुकून म्हणणार नाही मी, खोटं मला जमत नाही. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. किंचाळत गुडघ्यावर बसला, सगळा धक्का लाल, आणि तशातही काय म्हणतो, "अकराला मी येणारच." तसं म्हणाला नसता तर सोडला असता. मग मी खाली उतरलो आणि बोट ढकलायच्या बांबूनं घातले, त्याच हातावर, तीन की चार, मोजले नाहीत. टेंडर बोटीचं भरलं आणि गेली बोटं. दुपारपर्यंत बेशुद्ध होता दवाखान्यात.

बहीण येत नाही आता. सहा महिने त्याला घास भरवते, सदऱ्याची बटणं लावते, माझ्या दारावरून जाते पण मान वळवत नाही. ते लागतं मला. रात्रंदिवस लागतं. तिला मी खांद्यावर घेऊन—

काय म्हणालात? कुठला हात?

उजवाच की. डाव्यानं कोण दोर—

...

तो कागद इकडे द्या. नाही, पेन ठेवा आधी खाली. चहा राहू दे. कागद द्या मॅडम, तुम्हाला परत पलीकडे नेणारी बोट माझीच आहे.