पोवळीनं ओळखलेला चकवा

ऐका. त्या दिवशी सकाळी मी शेण काढत होते. शिदू कोकऱ्यांचा जावई दूध घालायला चालला होता. तो जाता जाता सांगून गेला, की त्यांचा वळू उद्या दिवस उगवायला जाणार, लांबच्या पाव्हण्यांना दिलाय. आणि त्याच संध्याकाळी आमची पोवळी माजावर आली. बघा योग.

पोवळी म्हणजे आमची खिलार गाय. गुरांच्या दवाखान्यात गाभण राहायच्या सुया देऊन झाल्या, तरी राहत नव्हती. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, यंदा फळली नाही तर बाजार दाखवा. आता गाईचा माज काय पाव्हण्यासारखा मुक्काम करतो? सकाळपर्यंत ओसरतो. आमचे मालक उठले, नवा फेटा बांधला. सासूबाई म्हणाल्या, "म्हाकू, लगीन गाईचं आहे का तुझं?"

निघाले. शिदूचं घर टेकाडावर, वाट माळावरची. बॅटरी अर्ध्यात विझली. मोडक्या बाभळीजवळनं गेले. थोड्या वेळानं पुन्हा तीच बाभळ. चालले, चालले. पुन्हा तीच. तुम्ही हसताय, पण तिथं असता तर हसला नसता.

मग समोर कंदील दिसला. कंदिलामागं शिदू कोकरे, हातात कासरा, कासऱ्याला वळू. पांढराफेक, शिंगं आभाळाला. शिदू म्हणाला, "म्हाकू, चढ कशाला चढतोस? मीच खाली आणलाय."

मालक खूश. पोवळीला ओढायला लागले. ती चारी पाय रोवून उभी. मालक चिडले. संध्याकाळपासून हंबरून गाव जागं ठेवलंस, आता लाजतेस व्हय, म्हणाले. तरी हलेना. नाक वर करून टेकाडावरचा वारा हुंगत होती, वळूकडं बघतही नव्हती. तेव्हा मालकांच्या डोक्यात उजेड पडला. वळू पुढ्यात असताना माजावरची गाय दुसरीकडं बघेल? म्हणजे पुढ्यात वळूच नाही. हा चकवा.

शिदूनं दावं धरायला हात पुढं केला. तो हात लांबतच आला, लांबतच आला. मालकांनी दावं गाईच्या मानेवर सोडून दिलं, शेपटी धरली. "पोवळे, आता तूच ने."

पोवळी उधळली. मागून आईच्या आवाजात हाक आली. मालक वळले नाहीत. मग माझ्या आवाजात आली, "अहो, थांबा ना." मालक पुढं नेहमी सांगायचे, तिथं तर पक्कंच कळलं, ही एवढं गोड कधी बोलते?

धोतर फाटलं, फेटा बोरीला राहिला. पोवळी थांबली ती खऱ्या शिदूच्या दारात. तो वळूला निरोपाची पेंड चारत होता. पहाटे गाय फळली. कालवड झाली. तिचीच नात आपल्या गोठ्यात रवंथ करतेय, ऐकू येतंय ना?

तेव्हा रात्री त्या माळाच्या वाटेला जाऊ नका. गाय बरोबर असली तरी नको.

ही गोष्ट मालक सांगायचे; ते गेले, यंदा मी सांगतेय. आमच्याकडं वळूचे पैसे घेत नाहीत. गाय व्याली की पहिला खरवस वळूच्या घरी द्यायचा. "दिवसाउजेडी दोघं मिळून जाऊ," असं ते दर वेताला म्हणायचे.

शिदू कोकऱ्यांच्या घरी तो खरवस पोचवायचा राहिला.