देवीचे छप्पर आणि त्रेचाळीस कोंबड्या

दि. २४/०४/२०२४

नाव – सकुबाई सुदाम घुडे, वय ५८ वर्षे, धंदा – शेती व गावदेवीची पूजा, रा. टेंभाचा पाडा, डोळखांबजवळ, ता. शहापूर, जि. ठाणे.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. आमची गावदेवी उंबराखाली उघड्यावर आहे. देवस्थान समितीचा अध्यक्ष काळूराम कोंडू विशे, वय ६३, हा माझा सख्खा भाऊ आहे.

तीन वर्षांपूर्वी काळूरामने दानपेटीतील पैशातून देवीवर छप्पर घालण्याचे ठरवले. देवीला छप्पर चालत नाही असे आमचे वाडवडील सांगत आले, म्हणून मी विरोध केला. प्रकरण कोर्टात गेले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद होते. भाऊबीज तीन वेळा येऊन गेली.

मागील तारखेला जज्जसाहेब म्हणाले, "पैशाचा हिशेब मी बघतो. पण देवीला छप्पर हवं की नको, ते मी कोणाला विचारू?" निकालापर्यंत पेटीला सील लावावे, उत्पन्नाला कोणी हात लावू नये, पूजा व जत्रा मात्र नेहमीप्रमाणे चालू द्यावी, असा हुकूम झाला.

काल जत्रा होती. पेटी बंद, म्हणून लोकांनी नवसाच्या कोंबड्या आणून दिल्या. त्या एकूण ४३ भरल्या. मी त्या तीन डालग्यांखाली झाकून ठेवल्या. सकाळी अकराचे सुमारास काळूराम हुकमाचा कागद घेऊन आला व म्हणाला, "ह्या कोंबड्या म्हनजे उत्पन्न! तू घरी न्यायला बसलीस." तिथूनच त्याने आपणांस फोन करून चोरीची तक्रार दिली. मी म्हणाले, "मोजून घे ना मंग." मोजण्यासाठी त्याने तिन्ही डालगी उचलली.

कोंबड्या पळाल्या. दोन्ही बाजूंचे लोक त्यांच्यामागे शेतांतून धावले. कोण कोणाच्या बाजूचा हे तेव्हा कळत नव्हते. ढोलवाले वाजवीतच होते. काळूराम पेंढ्याच्या गंजीत डोक्यावर पडला व दिसेनासा झाला. मी तिकडे धावत गेले. माझ्या पायात वहाण नव्हती. तो पेंढ्यातून वर आला. त्याच्या हातात लाल कोंबडी होती. ती पुढे करून तो म्हणाला, "सकू, उत्पन्न धर गो!"

मी खाली बसले. तोही बसला. आम्ही किती वेळ हसलो हे मला सांगता येणार नाही. नंतर तो म्हणाला, "हिशेब जज्जसायबांना देऊ. छपराचं आपन गावात बसून ठरवू." थोड्या वेळाने म्हणाला, "मला तरी कुठं पायजे व्हतं छप्पर? तू नाय म्हनलीस म्हनून."

एकूण ४१ कोंबड्या सापडल्या. त्या पोलीस पाटील भगीरथ यांच्या पडवीत आहेत. आज सकाळी कोंबड्यांनी सहा अंडी दिली. अंडी उत्पन्नात धरायची काय, असे हवालदारसाहेबांनी विचारले. मला माहीत नाही. काळूरामला बोलावून विचारले, त्यालाही माहीत नाही.

माझी भावाविरुद्ध काही तक्रार नाही. त्यानेही आपली तक्रार मागे घेत असल्याचे लिहून दिले आहे. तो बाहेर बाकावर बसला असून दुपारी माझ्याकडे जेवणार आहे. तरी जबाब लवकर आटपावा.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. कोंबड्यांच्या मजकुरापाशी मला हसू आल्याने पहिला अंगठा फरफटला, म्हणून शेजारी दुसरा उमटवला आहे.