अब्बांची मॉरिस

पनवेलच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबराची वाट पाहत होते. शेजारी एक वृद्ध गृहस्थ डोळ्यांत औषध घालून, डोळे मिटून बसले होते. सोबत त्यांची मुलगी होती. त्यांच्या बोलण्यात मॉरिस गाडीचं नाव आलं आणि माझे कान तिकडे लागले, कारण मी सासरी आले ती मॉरिस मायनरमधूनच.

“सफूरा, कुणाचा फोन?”

“फुजैलचा, घरून, अब्बा. डोळे उघडू नका. मॉरिस चालू होत नाही म्हणतो.”

“माझ्या गाडीला हात कशाला लावला त्याने?”

“गिऱ्हाईक आलंय, पुण्याचं. घेऊन जायला.”

“म्हणून आजच आणलंस होय मला इथे?”

“परवा तुम्हाला समोरचा कंटेनर दिसला नाही, अब्बा. मी शेजारी बसले होते. दोघंही मेलो असतो.”

“मला विचारायचं तरी!”

“विचारलं असतं तर दिली असती?”

“नसती.”

“मग? आता सांगा ना, कशी चालू करायची?”

“नाही सांगणार.”

“तो सारखा सेल्फ मारतोय.”

“या अल्लाह! बॅटरी बसवेल तो. दे इकडे फोन. फुजैल, सेल्फ सोड. सोड म्हणतो ना! किल्ली चालू ठेव, बॉनेट उघड. पेट्रोलचा पंप अडकलाय, त्याला पान्याने ठोक. हळू, गधड्या, तो खिळा नाही! आली टिकटिक? आता चोक ओढ.”

फोनमधला इंजिनाचा आवाज मलाही ऐकू आला.

“झाली चालू, अब्बा. नेऊ दे त्यांना?” सफूराने विचारलं.

“लगेच नको. आधी गरम होऊ दे तिला.”