शहापूरचा मंगळ

आमच्या अण्णाचं लग्न कसं जमलं, ठाऊक न्हाय तुम्हाला? मग बसा, आणखी एक चहा सांगतो.

अण्णा तेव्हा अहमदाबादला संशोधन करायचा. सूर्यावरून सुटणारा वारा ग्रहांभोवतीची हवा कशी उडवून नेतो, हे त्याचं काम. निपाणीत वारा म्हणजे तंबाखूची धूळ नाकात घालणारा, तेवढाच माहीत. म्हणून आई सगळ्यांना फक्त 'सरकारी नोकरी हाय' म्हणून सांगायची.

बेळगावात शहापूरला मुलगी बघायला गेलतो. उप्पीट आलं, मुलगी येऊन बसली. तिचे वडील मान खाली घालून म्हणाले, "आधीच सांगतो. पोरीला मंगळ हाय. कडक."

आईनं बशी खाली ठेवली. माझी नजर चपलांकडं गेली.

आणि सकाळपासून तोंड न उघडलेला अण्णा खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "मंगळ? लई चांगला ग्रह! बिचाऱ्याला पृथ्वीसारखं चुंबकाचं कवच न्हाय, म्हणून सूर्याचा वारा त्याची हवा रोज थोडी थोडी नेतोय."

उप्पीट गार झालं तरी गडी थांबेना. शेवटी वडलांनी भीत भीत विचारलं, "म्हणजे, कुणाचा जीव घेत न्हाय न्हवं त्यो?"

"त्यो कुणाचा घेतोय, आप्पा? त्याचाच श्वास चाललाय!"

मुलगी खुदकन हसली. परतताना बसमध्ये आई म्हणाली, "करून टाकूया. ह्याचं एवढं ऐकून घेणारी दुसरी कुठली मिळायची?"

वहिनीला आजही विचारा, होकार का दिला. म्हणते, "मंगळ म्हटलं की येईल तो खुर्ची मागं सारायचा. पुढं ओढणारा ह्योच पहिला."